अण्णा, तुम्ही काही वाढवलं नव्हतं

अण्णा, रविवारी तुमच्या शोकसभेत मी सात-आठ मिनिटं बोलले आणि समोरच्या सगळ्यांना रडवलं. चिकनगुनियानंतर मला धड उभंही राहता येत नव्हतं आणि तुम्ही मला हळूहळू चालतं केलंत, हे सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खाली येऊन बसले, तर अक्कांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "तुझ्यावर ह्यांचा फार जीव होता गं मेघना." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला हुंदका आवरत नाहीये. खरं तर मला तिथून पळून जायचं होतं.

कारण एक गोष्ट मी गाळली होती. गेलं वर्षभर मी ती गाळतेच आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर गाळली, आणि तुम्ही गेल्यावर भर सभेत, माइकवर गाळली.

मी तुमच्याकडे आले तेव्हा ताप उतरून पाच महिने झाले होते. रिपोर्ट सगळे नॉर्मल होते, पण अंगात काही उरलंच नव्हतं. केस विंचरायला हात वर धरवेना म्हणून मी कंबरेपर्यंतचे केस कापून टाकले होते. पुण्याहून इथे येऊन सहा वर्षांत टीम लीड झालेली मी, आंघोळीनंतर अर्धा तास पलंगावर पडून राहायचे. माझ्या नवऱ्याला, अमेयला, औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगितलं, इथे राजाजीनगरातच एक अण्णा आहेत, विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, आजारी माणसांना योग शिकवतात, आणि मराठी आहेत.

तुमचा वर्ग वरच्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर तुम्ही एक स्टूल ठेवलं होतं. मी तिथे थांबले नाही, तशीच चढायला लागले, आणि वरून तुमचा आवाज आला, "निधान, निधान!" मला ऐकू आलं निधन. मी कठडा धरून उभीच राहिले. तुम्हाला कळल्यावर केवढे हसलात. "अगं, कन्नडात निधान म्हणजे सावकाश. इतक्यात कशाला निधन? बस त्या स्टुलावर." तीन पिढ्या इथे काढलेल्या घरातली तुमची ती मराठी. तिच्यात 'ठीक'च्या जागी सरी आणि 'थोडं'च्या जागी स्वल्प कधी घुसायचे ते तुमचं तुम्हालाही कळायचं नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही मला पाठीवर झोपवलंत, पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्यात, आणि श्वास घेत दोन्ही हात डोक्यामागे न्यायला सांगितलंत. चार वेळा. मग म्हणालात, "झालं. घरी जा."

"एवढंच?"

"अंगात स्वल्प शिल्लक राहू दे. सगळं इथेच संपवलंस तर जिना कशानं उतरशील?"

मला राग आला होता, अण्णा. एवढ्यासाठी मी कपडे बदलून आले होते! मी विचारलं, टार्गेट काय आहे आपलं, तीन महिन्यांत मी कुठे असेन? तुम्ही म्हणालात, "आज जशी उठलीस तशीच उद्या सकाळी उठायचं. त्याहून वाईट नाही." याला टार्गेट म्हणत नाहीत, असं मी म्हटलं. तो वाद आपला शेवटपर्यंत चालूच राहिला.

एकदा तुम्ही मला तुमचं नोकरीतलं काम सांगितलंत. तीस वर्षं तुम्ही धातूचे तुकडे मशीनला लावून ओढत होतात. फार जोरात नाही. हलकेच, पण लाखो वेळा, तडा जाईपर्यंत. "एका मोठ्या ओढीनं तुकडा क्वचितच मोडतो," तुम्ही म्हणालात, "लहान लहान ओढी त्याला थकवतात."

मी फणकारले, "म्हणजे मी विमानाचा पत्रा आहे का?"

"छे. पत्र्याला झोपवून ठेवलं तरी तो भरून येत नाही. माणूस येतो. म्हणून तर रिटायर झाल्यावर मी माणसं घेतली."

तुम्ही मला एक वही करायला लावली होती. आज काय केलं, संध्याकाळी कसं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं. सलग काही सकाळी चांगल्या गेल्याशिवाय तुम्ही एक श्वाससुद्धा वाढवायचा नाहीत. थकल्यावर नाही, थकायच्या आधी थांबायचं. भाजी चिरून पडायचं, मग फोडणीला उठायचं. ऑफिसचं काम पाऊण तास, मग डोळे मिटून दहा मिनिटं. सात महिन्यांत मी जिना न थांबता चढायला लागले. खुर्चीवरून हात न टेकता उठायला लागले, भिंतीला पाठ लावून उभी राहायला लागले. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जायला लागले.

आणि तिथेच माझं डोकं फिरलं. बरं वाटायला लागल्यावर मला तुमची गरज कमी वाटायला लागली. तुमच्याकडून निघाल्यावर मी चालण्याची आणखी एक फेरी मारायचे आणि वहीत लिहायचे 'नेहमीप्रमाणे'. तुम्ही चष्मा लावून वाचायचात आणि म्हणायचात, "छान." त्या 'छान'ची तेव्हा मला लाजसुद्धा वाटली नाही.

गेल्या जूनमध्ये योगदिनाला आमच्या ऑफिसच्या लॉनवर एकशे आठ सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम ठेवला होता. आदल्या दिवशी एचआरची मुलगी आली. "मेघना, तू योगा करतेस ना? पहिल्या रांगेत ये, फोटो चांगले येतील." मी खुर्चीवरून चार वेळा उठते आणि भिंतीला टेकून सहा श्वास उभी राहते, हे तिला कसं सांगणार? आणि आणखी एक होतं. मी घरून काम करत असताना टीममध्ये कुणीतरी मला 'वर्क फ्रॉम बेड' असं नाव ठेवलं होतं. ते माझ्या कानांवर आलं होतं. त्या लोकांनी मला बघावं, असं मला वाटत होतं.

पहिल्या दहांतच मांड्या थरथरायला लागल्या. शेजारची पोरं विशी-पंचविशीतली. मी थांबले नाही. चाळीसच्या पुढे मोजणं सोडलं. मग गुडघ्यांवर बसले आणि बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. फोटो चांगले आले. वहीत त्या दिवशीही मी 'नेहमीप्रमाणे' असंच लिहिलं.

दोन दिवस काहीच झालं नाही. तुमच्याकडे येऊन गेले, तुम्हाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला मान उचलता येईना. पाणी प्यायला अमेयने उठवून बसवलं, तर भिंती फिरायला लागल्या. तो घाबरला होता. कंपनीची बस चुकवून तो माझ्याजवळ बसला. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्याला तेव्हा पहिल्यांदा रडवेलं झालेलं बघितलं.

"असं कसं झालं? किती चांगली सुधारत होतीस. काय करायला लावलं त्यांनी तुला?"

आणि मी म्हणाले, "अण्णांनी थोडं वाढवलं होतं."

एवढंच वाक्य. मी ते आधी ठरवलं नव्हतं. आजारपणाच्या सुरुवातीला अमेयने किती केलं होतं माझं. त्याला 'मी टाळ्यांसाठी हे केलं' असं सांगायचं धाडस मला झालं नाही. तुमचं नाव जवळ होतं, ते मी पुढे केलं.

संध्याकाळी तो तुमच्याकडे आला. तिथे काय झालं ते नंतर मला सरोजम्मांकडून कळलं. सरोजम्मा म्हणजे तुमच्या वर्गातल्या त्या कन्नड शाळेच्या रिटायर हेडमास्तरीणबाई, खुब्याच्या ऑपरेशननंतर येणाऱ्या. सहा जण चटयांवर होते. अमेय चप्पल घालूनच वर आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "बायकोला बरं करायला पाठवलं होतं, मोडायला नाही! सर्टिफिकेट काय आहे तुमच्याकडे? लोखंड ओढायचा माणूस, माणसांना हात कशाला लावता?"

तुम्ही उठून उभे राहिलात आणि हात जोडलेत. "सरी. माझ्याकडून जास्त झालं असेल. तिला आधी डॉक्टरांना दाखवा."

त्या आठवड्यात दोघं जण वर्ग सोडून गेले.

अमेय घरी आला तो शांत होऊन. "ऐकवलं त्यांना," म्हणाला, "काही बोललेच नाहीत. कबूल केलं." मी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, त्याला वाटलं मला दुखतंय.

दहा-बारा दिवसांनी तुम्ही आमच्या दारात उभे होतात. हातात अक्कांनी दिलेला साराचा डबा. अमेयनेच दार उघडलं. तुम्ही त्याला विचारलंत, "मी आत येऊ का?" सत्तरीचा माणूस, दारात उभा राहून माझ्या नवऱ्याची परवानगी मागत होता, आणि मी आतून ऐकत होते. अमेय ओशाळला, बाजूला झाला. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "पायाची बोटं हलव बघू. नुसती बोटं. श्वास आत घेताना वर, सोडताना खाली. तीनदा." झालं की उठलात. दुसऱ्या दिवशी परत आलात. जिथे होते तिथवर परत यायला चार महिने लागले, आणि तुम्ही एकदाही मला काही विचारलं नाहीत.

मी मनाची समजूत घातली होती की तुम्हाला सगळं कळलंय. इतकी वर्षं तडे बघितलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार? तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मोठ्या मनाने गप्प आहात, असं मी धरून चालले. ते सोयीचं होतं. त्यात मला काही करावं लागत नव्हतं.

पण मला दिसतही होतं, अण्णा. तुम्ही सगळ्यांचंच कमी केलंत. सरोजम्मा त्याआधी भिंतीपासून सुटून आठ श्वास उभ्या राहायच्या. ओट्यापाशी उभं राहून स्वतःचा डोसा स्वतः घालायचा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांना तुम्ही पुन्हा खुर्चीत बसवलंत. त्या कुरकुरल्या, तर म्हणालात, "नको बाई, बसूनच करा." होसकोट्याहून एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या, त्यांना तुम्ही जिन्यातूनच परत पाठवलंत. "आता वय झालं, नवीन कुणी घेत नाही." मी चटईवर पडून ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. श्वासाकडे लक्ष देतेय असं दाखवलं.

तुम्ही गेलात त्याच्या आठवडाभर आधीचा गुरुवार. वर्ग संपला होता, मी चटई गुंडाळत होते. तुम्ही खिडकीपाशी बसून म्हणालात, "मेघना, त्या वेळी नेमकं काय जास्त झालं गं? मला अजून उमगत नाही."

मला वाटलं, तुम्ही दार उघडून देताय. आता तरी बोल, असं सुचवताय. आणि तरीही मी म्हणाले, "जाऊ द्या ना अण्णा, जुनं झालं ते."

"सरी," तुम्ही म्हणालात आणि दिवा बंद केलात.

तेव्हाचं उत्तर आता देते. चाळीसहून जास्त सूर्यनमस्कार घातले होते मी. लोकांनी बघावं म्हणून.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमेयला सांगितलं. तो डबा भरत होता. त्याने झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. "मी त्यांना काय काय बोललो, मेघना," एवढंच म्हणाला. बोम्मसंद्र्याला जाणारी कंपनीची बस पकडायला निघाला तो डबा ओट्यावरच विसरून. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

बुधवारी मी अक्कांकडे गेले. तुमचे शर्ट त्या घड्या करून पिशवीत भरत होत्या. मी जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. लॉन, पहिली रांग, वही, अमेयला बोललेलं ते वाक्य. अक्कांनी घडी थांबवली नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी तुला जास्त काही दिलं नव्हतं?"

"नाही अक्का."

"काहीच नाही?"

"नाही."

त्यांनी शर्ट मांडीवर ठेवला. "रोज कागद घेऊन बसायचे. तुला कुठल्या दिवशी काय करायला दिलं, कोणत्या दिवशी किती श्वास, सगळं आठवून लिहायचे. चूक कुठे झाली ते सापडेना. मला म्हणायचे, माझा अंदाज गेला गं, आता कुणाला हात लावायला भीती वाटते." त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "वर्षभर गं, मेघना."

तुम्हाला माहीत नव्हतं, अण्णा. तुम्ही मोठ्या मनाने गप्प नव्हतात. गुरुवारी तुम्ही मला खरोखरच विचारत होतात.

मी अक्कांच्या पायांवर डोकं ठेवायला गेले, त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही. "मला सांगून काय उपयोग, बाई? ज्यांना सांगायचं ते गेले." मग त्यांनी वर बोट केलं. "वर चौघं जण बसलेत. तुझ्या अण्णांनी शिकवलेलं आपलं आपण करतात. जा, त्यांना सांग. तुझ्यासाठी मी सांगणार नाही."

जिना चढायला मला इतका वेळ तुमच्याकडे आले त्या पहिल्या दिवशीही लागला नव्हता.

मी उभ्यानेच सांगितलं. मोडकं कन्नड, ते संपलं की हिंदी, ती संपली की इंग्लिश. बँकेतले निवृत्त गृहस्थ जमिनीकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. चौथी मुलगी तुम्ही गेल्यावर यायला लागलेली, तिला नीट कळलं नसावं, ती सगळ्यांचे चेहरे बघत होती. सरोजम्मा खुर्चीत होत्या. त्या शाळेत प्रश्न विचारत असतील तसं त्यांनी मला कन्नडात, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"मग मला त्यांनी बसवलं, ते तुझ्यामुळे?"

"हो."

"माझ्या पायामुळे नाही?"

"नाही. तुमच्या पायाला काही झालं नव्हतं."

मला वाटलं, आता जा म्हणतील. मी जायला तयारही होते. मग त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि त्या उठल्या. बँकवाले मदतीला धावले, त्यांना त्यांनी नजरेनेच थांबवलं. भिंतीपाशी गेल्या, पाठ लावली, आणि मग पाठ सोडवून सरळ उभ्या राहिल्या. एक श्वास, दोन. तिसऱ्याला तोल गेला. त्यांनी भिंत धरली आणि मी पुढे होऊन त्यांच्या काखेत हात घातला. त्यांनी तो झटकला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

बसल्यावर म्हणाल्या, "आठ व्हायचे माझे."



निघताना मी चप्पल घालत होते, तेव्हा त्यांनी वरून हाक मारली. "मेघना. उद्या सकाळी ये. मी उभी राहणार आहे. कुणीतरी धरायला लागेल."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी तसं समजतही नाही. सोडून गेलेल्या त्या दोघांपैकी एकाचा फोन नंबर अक्कांनी दिलाय, दुसऱ्याचा शोधून देणार आहेत. होसकोट्याच्या बाईंचा कुणाकडेच नाही. अमेय काल एकटाच अक्कांकडे जाऊन आला, काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आज सकाळी आम्ही दोघंही गेलो होतो. तो खाली अक्कांना माळ्यावरची भांडी काढून देत होता आणि मी वर सरोजम्मांच्या शेजारी उभी होते. त्या तीन श्वास उभ्या राहिल्या. मग बसल्या, कपाळावरचा घाम पदराने पुसला, आणि मला म्हणाल्या, "लिहून ठेव. तीन. खरं तेवढंच लिही."

मी लिहिलं, अण्णा.